डावा घास

कोणी हटकलं नाही, तरी जगदेवनं ताटाकडे गेलेला डावा हात मागं घेतला.

समोर त्याची आई बसली होती. सोजरबाई, ऐंशीच्या पुढची. शेलूबाजारात चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलेला त्याचा उजवा हात लकवा मारल्यापासून मांडीवर निपचित पडून होता. दोन महिने बायकोनं, विमलनं, घास भरवले. आजपासून ती निंदणाला गेली. घर काही वाऱ्यावर चालत नाही. जाताना भाकर-वरणाचं ताट तेवढं वाढून गेली होती.

डावा हात धडधाकट होता. दवाखान्यात त्यानं एकट्यानं सदऱ्याची बटणं भराभर लावली, तेव्हा व्यायाम करून घेणारी ज्योत्स्ना बघतच राहिली.

"काका, पयल्यापासून डावखुरे काय तुमी?"

"नाई," तो म्हणाला. आपण खोटं बोललो असंही त्याला वाटलं नाही. चार वर्षांचा असताना आईनं तो हात चिंधीनं कमरेला बांधला होता, अख्खा पावसाळा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जगदेवची गेली होती. शाळेत, पंगतीत, कात्री धरताना तो हात पुन्हा कधी पुढं आला नाही. आता मात्र न शिकवता कामाला लागला होता, आणि जगदेवला त्याची लाज वाटत होती. पोटात कावळे ओरडत होते.

"काहून खात नाई?" सोजरबाईनं विचारलं.

"भूक नाई."

"मले शिकवतं काय? सकाळपासून नुसत्या च्यावर हाय तू."

जगदेवची जीभही जड झाली होती. शब्द जुळायला वेळ लागला.

"तुह्यासमोर... डाव्या हातानं कसा खाऊ, माय?"

म्हातारीची नजर त्याच्या डाव्या मनगटावर गेली.

"सासूनं सांगतलं बांध, मी बांधला," ती म्हणाली. "मी पाण्याले गेली का तू मांगं धावे. पडला का सिधा तोंडावर. टेकवाचा हात त बांधेल होता ना. मी उचलो, तोंड पुसो, अन् गाठ पाहो सुटली का काय."

जगदेवला हे पडणं, उचलणं काहीच आठवत नव्हतं. तिला मात्र सगळं आठवत होतं, इतकी वर्षं.

ती पुढं सरकली. त्याचं डावं मनगट धरून तिनं हात ताटात नेला आणि भाकरीवर ठेवला. पण मनगट काही तिच्यानं सोडवेना. जगदेवनं तशीच भाकर मोडली आणि तिच्या हातासकट पहिला घास तोंडाशी नेला.