दगड न लागणारी गाडी

चौसष्ट सालची गोष्ट हाय. एकदाच सांगती, तवा मधी मधी बोलू नका.

आमच्या मालकांनी पुण्याहून नवी छोटी गाडी आणली. आमच्या गावात, कासार आंबोलीत, आधीची गाडीबी आमचीच व्हती. ती काळी, उंच, दोन्ही अंगाला पायरी असलेली, हँडल मारून चालू व्हायची. नवी फिकट निळी, बसकी. पायरी न्हाई की हँडल न्हाई. अंगणात उभी केली आणि अर्धा गाव गोळा झाला. ज्याला त्याला मत!

धाकलं मामंजी, म्हंजी मालकांचे चुलते भिवाजीराव, बैलबाजारात फिरावं तसे गाडीभोवती फिरले.

"हैबत, पायरी न्हाई तर म्हाताऱ्यानं चढायचं कसं? आन गिअरचा दांडा कुटं गेला?"

"आता तो हातातल्या चाकाजवळ असतो, काका. पुढं तिघं बसावीत म्हणून." मालकांनी दांडा हलवून दाखवला. तसं करताना त्यांनी गिअर काढला, तो तसाच राहिला.

"चाकाजवळ! उद्या म्हणशील, बैल गाडीच्या मागं जुपा."

सासूबाई, गोजराबाई, म्हणाल्या, "मला तर लई नाजूक वाटतिया. पत्र्यावर हात ठेवायला भ्या वाटतं."

मला कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं, मला ती आवडली न्हाई म्हणून. जुन्या गाडीत डोळं मिटून हात घातला तरी वस्तू सापडायची. हितं सगळंच जागचं हलवलेलं.

जुनीचा ब्रेक धरत नव्हता. ती उभी केली की चाकांना दगड लावायचा, ही आमच्या घरची रीत. आता नव्या गाडीची पूजा करायची म्हंजी तिचं तोंड उगवतीला पायजे, आणि आमच्या अंगणाची उगवतीची बाजू म्हंजी उतार. उताराच्या टोकाला विहीर, कठडा नसलेली. सासूबाईंनी दगड आणायला सांगितलं, तर मालक हसले.

"आई, या गाडीला दगड लागत न्हाई. ते दिवस गेले."

नवी गाडी घरात येती ती सुनेच्या मानानं. तिची ओटी भरायची, आणि पहिल्यांदा बसायचं ते घरच्या सवाष्णीनं, लेकरू घेऊन. म्हणून मला आणि माझ्या चार वर्षांच्या सखूला पुढच्या बाकावर बसवलं. चाकामागची मालकांची जागा मोकळी व्हती. ते नारळ फोडायला कोयता आणायला घरात गेले.

ओटीची पिशवी माझ्या मांडीवर. त्यात तांदूळ, नारळ, खण. सखू म्हणाली, "आई, मला घे." मग पिशवी ठेवू कुटं? समोरच्या फळीखाली एक काळी मूठ बाहेर आलेली दिसली. म्हटलं, चला, खुंटी तरी दिलीया, येवढी एक गोष्ट बरी केली. पिशवी अडकवली. ती नीट राहीना, म्हणून म्या मूठ जराशी पिळली. मूठ गपकन आत गेली.

आणि गाडी हलली.

आधी वाटलं, पोरंसोरं ढकलतायत. मागं बघितलं तर कुणीच न्हाई. जुन्या गाडीत ब्रेकचा दांडा दोन माणसांच्या मधी. म्या तितं हात घातला, तर हाताला नुसती गादी लागली. चाकाजवळचा एक दांडा खाली ओढला, तर बाहेरचा दिवा टिकटिक करायला लागला.

बाहेर टाळ्या पडल्या. व्हय, टाळ्या! सासूबाईंचा आवाज आला, "अगं बया, दिवा बघा कसा डोळा मारतुया! आमची रत्ना शिकली जणू!" मी आत "धरा, धरा" म्हणून बोंबलत व्हते, पण काचा वर, आणि भायेर त्यो गलका.

दाराची कडी खाली दाबली. जुन्या गाडीत तशीच उघडायची. उघडंना. वर ओढली, उघडंना. पोरीला काचेतनं भायेर टाकावी म्हटलं, तर काच खाली कशी करायची तेच कळंना. विहिरीचं काळं तोंड समोर मोठं मोठं व्हत चाललं. सखू गळ्याला मिठी मारून, "आई, कुटं चाललो?" मी मनात म्हटलं, देवा, मला ने, पोरीला नको.

चाक तेवढं कुणी बदललं नव्हतं. पोरीला पायाशी दाबलं, आडवी झाले, आणि दोन्ही हातांनी चाक जिवाच्या आकांतानं माझ्या अंगाकडं ओढलं. गाडी वळली आणि जांभळीच्या बुंध्यावर धाडदिशी आदळली. विहीर चार हातांवर राहिली.

मालक पळत आले. गाडीच्या पुढं येऊन हातातला कोयता टाकला आणि खाली बसले. मला काचेतनं सगळं दिसत व्हतं. फुटलेल्या दिव्यावर त्यांनी हात फिरवला. मग चेपलेल्या पत्र्यावर फिरवला. हळू, दुखऱ्या जागेवरनं फिरवावा तसा. सखूच्या कपाळातनं रक्त येत व्हतं आणि ती बापाला "दादा, दादा" म्हणून हाका मारत काच बडवत व्हती. तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

मग दार उघडलं, पोरीला छातीशी धरलं, रडले. खोटं कशाला बोलू? ढसाढसा रडले. म्या सगळ्यांदेखत सांगून टाकलं, खुंटी समजून ब्रेकची मूठ म्याच पिळली. ते म्हणाले, "जाऊ दे, माझंच चुकलं." गाव म्हणालं, रत्नाबाई, नशीब काढलंस, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!

पण त्यांचा हात आधी कुटं गेला, ते मी एकटीनंच बघितलं व्हतं. विहिरीची भीती त्या दिवशी संपली. ही भीती मातर आत बसली ती बसलीच. पुढं सखूला कधी ताप आला, तर मालकांना सांगायच्या आधी मी धाकल्या मामंजींना उठवायची.