एका पायावरची सून

सुनेने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि फोमच्या जाड गादीवर उजवा पाय ठेवला. सासूबाईंनी आपली खुर्ची ओढून इतकी जवळ आणली, की परीक्षकाला वळसा घालून जावं लागलं.

“आजी, तुम्ही बाहेर बसलात तर...”

“बसले असते. पण तिच्याशी हातांनी बोलणारं तुमच्याकडे आहे का कुणी?”

परीक्षकाने हातातली वही उघडली. दहा हजार मीटरमध्ये सुनेच्या जवळपासही कुणी पोचत नव्हतं. पण संघात यायचं तर डोळे मिटून एका पायावर वीस सेकंद उभं राहायला हवं, असा नियम. तोल सांभाळणारं जे काही कानाच्या आत असतं, तेही ऐकण्यासारखंच हिच्यावर जन्मापासून रुसलेलं. डोळे उघडे असले की ती डोळ्यांवर भागवायची. मिटले की संपलं. मागच्या महिन्यात सातव्या सेकंदाला आडवी झाली होती, आणि आजची संधी शेवटची.

महिनाभर सासूबाईंनी तिला ओट्याशेजारी उशीवर उभं केलं होतं. “पळताना वारा, आणि उभी केली की रिकामं पोतं,” असं त्या करवादायच्या. मध्येच डोळा किलकिला करून त्यांचा अवतार बघितला, की सुनेला हसू फुटायचं, आणि हसली की ती पुन्हा पडायची.

सासूबाईंनी खूण केली. सुनेने डोळे मिटले, डावा पाय उचलला. परीक्षकाने घड्याळ सुरू केलं.

सातव्या सेकंदाला घोटा थरथरला. सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाराव्याला सून डावीकडे कलली, हात पसरून सावरली.

“वीस,” परीक्षकाने घड्याळ थांबवलं. “झालं. उतरा.”

सून उतरली नाही.

“झालं म्हटलं, उतरा,” तो मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. “आजी, जरा हात लावून सांगा ना तिला.”

“आधी लिहा.”

“लिहितो हो.”

“लिहा. मागच्या वेळी ती जमिनीला टेकायच्या आत लिहून मोकळे झाला होतात.”

त्याने लिहिलं. सासूबाईंनी चष्मा चढवून आकडा तपासला.

“आता तरी सांगा.”

सासूबाई हात पुढे करून सुनेकडे वाकल्या आणि तशाच थांबल्या. मिटल्या डोळ्यांखाली सुनेचे ओठ हलत होते. छत्तीस. सदतीस. अडतीस.

त्यांनी हात मागे घेतला आणि खुर्चीत ऐसपैस रेलल्या.

“तुम्हाला कुठे जायचंय का?” त्यांनी परीक्षकाला विचारलं.

तो एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे बघत राहिला. मग त्याने दुसरी खुर्ची ओढली, बसला, आणि थांबवलेलं घड्याळ पुन्हा सुरू केलं.