चिमीची बाव

वही घेऊन आलेल्या माणसाला आमी पाणी देतो, पण खरं सांगत नाय. बोईसरला कारखाने यायच्या टायमाला असाच एक जण इकडं पाम गावाच्या बाजूला आला होता. किती गोड बोलायचा मेला! शेत कुणाचं, कवापासूनचं, सगळं लिहून घेतलं. माझ्या देवूकाकानं हसत हसत कागदावर अंगठा दिला. दुसऱ्या वर्षी शेताला तारेचं कुंपण, आणि काका कुंपणाच्या बाहेर. तवापासून शेताचा विषय निघाला की काका उठून जायचा.

म्हणून हा दिनानाथ दारात उभा राहिला तवा माझं टाळकंच फिरलं. पँट इस्त्रीची, खिशाला पेन. वैतरण्याहून आलो म्हणाला, शाळेत शिकवतो.

"मावशी, चिमीची बाव हीच ना? या विहिरीची माहिती पाहिजे होती. घरातल्या मुलांना गोष्ट सांगायची आहे."

गोष्ट सांगायला कुणी एवढं ऊन खात येतं? बाव आमच्या दीड एकरात. बाव गेली तर भाजी गेली, शेत गेलं, मग आमी भावंडं वीटभट्टीवर. भाऊ जिव्या तोंड उघडणार, तर मी त्याला डोळ्यानंच दाबला.

"ही चिमी कोण होती?"

"बकरी."

"बकरी?"

"हां. बावीत पडून मेली. म्हणून नाव."

ते पण लिहून घेतलं बावळटानं! जिव्याला हसू आवरेना. मग दिनानाथनं विचारलं, "तुमच्या वडिलांना बहीण होती का?" तवा मी चुलीवरच्या पेजेच्या हंडीखाली उगाच लाकूड सारलं.

होती की. चिमीच होती. बाबानं आणि तिनं मिळून बाव खणली, पहिलं पाणी तिच्याच कुदळीला लागलं. पुढं ती रुळाच्या कामावरच्या परजातीच्या एका माणसाबरोबर निघून गेली. आमच्याकडं नवा भात शिजला की मेलेल्यांच्या नावानं पानावर घास काढतात. बाबानं मरेपर्यंत चिमीचा घास काढला नाय. "जिती हाय ती," म्हणायचा. मला मात्र एवढंच दिसलं, आत्या जिती म्हंजे वाटेकरी जिती.

"नव्हती," मी म्हटलं. "बाबा एकटाच."

त्यानं वही मिटली. तोंड उतरलं बिचाऱ्याचं. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "चिमी माझी आजी. ती म्हणाली होती, आधी हा दे, मग विचार. मी उलटं केलं."

कागदाखाली निळा अंगठा. मला देवूकाका आठवला आणि हात माझा राहिला नाय. कागद ओढला आणि पेजेच्या हंडीखाली सारला. भस्सकन पेटला.

"अहो, काय केलंत हे!" तो ओरडला. मग खाली बघत म्हणाला, "मला जमिनीत वाटा नको, भावाच्या लेकरांना एकदा डोळ्यांनी बघायचं आहे, एवढंच लिहिलं होतं. अंगठा द्यायला वर्ष घालवलं तिनं. तिलाही कागदाची भीतीच वाटते."

जिव्या माझ्याकडं बघायचा थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस बाबा," मी म्हटलं. "काढ वही. चिमी माझी आत्या. ही बाव तिनं खणली. बाबानं तिचा घास कधी काढला नाय, हे पयलं लिही. आणि रविवारी घेऊन ये तिला."

त्यानं वही काढली नाय.

"मघाशी ती नव्हतीच," दिनानाथ म्हणाला. "वाटा नको म्हटल्यावर लगेच आत्या झाली. तिचा घास काढला नाही, हे तरी खरं कशावरून, मावशी?"

मी बाबाची शपथ घेतली. त्यानं चपला घातल्या.