शकूचं स्वतःचं गाणं

गनीने हात वर करून बाकीच्यांना थांबवलं आणि शकूला पुढे ढकललं.

"घे. एकदाच हां. नाय चाललं तर पुन्हा नाव काढायचं नाय."

कापडे गावातला हळदीचा मांडव गच्च भरला होता. गनी, मुरारी, पूजा आणि शकू हे चौघं महाडचे. पेटी नाही, ढोलकी नाही; सगळं वाजवायचं ते तोंडाने. सिनेमातलं गाणं असं हुबेहूब उठवायचे की एका कंपनीच्या कार्यक्रमात साहेबांनी पडद्यामागे जाऊन टेप शोधली होती. दासगावपासून पोलादपूरपर्यंत त्यांच्यावाचून कुणाच्या हळदीला रंग चढत नसे. पण इतकी वर्षं गायली ती दुसऱ्यांचीच गाणी. शकूने भाकऱ्या थापता थापता एक स्वतः रचलं होतं आणि ते लोकांपुढे म्हणायचंच म्हणून गनीचं डोकं खाल्लं होतं.

मुरारीने तोंडाने ठेका धरला.

"नवरी झाली पिवळी गो, नणंद झाली लाल..."

हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. ना शिट्टी, ना टाळी. तरी शकूने रेटून गाणं संपवलं.

तेवढ्यात नवरीची आजी, बनुबाई, पाटावरूनच ओरडल्या.

"अगो, हे तर जुनं गाणं! माझ्या हळदीला म्हटलेलं."

"तुमच्या हळदीला?"

"मग मी काय खोटं बोलते? पण पोरी, तू पुढचं खाल्लंस की!" आणि बनुबाईंनी बिनदिक्कत सूर लावला. "विहीणबाईचा रुसवा गो, आढ्याला टांगा..."

मांडव खदखदा हसला. लहानपणापासून पाठ असल्यासारख्या बायका मागून म्हणू लागल्या. खुद्द विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शकूला आधी संतापच आला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट आपली म्हणावी, तर तीही म्हातारीने पळवली!

गनी तर उठलाच. "आजी, ओ आजी, हे गाणं आमच्या शकू..."

शकूने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. बायका पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या होत्या, तिच्याच ओळीवर, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने. ती ऐकत राहिली. मग उठून बनुबाईंच्या पाटाशी जाऊन बसली.

"आजी, तुमच्या वेळचं अजून एखादं कडवं आठवतं का?"

बनुबाईंनी डोळे मिटले आणि कधी नसलेलं कडवं त्या मन लावून आठवू लागल्या.