कोणावर अवलंबित?

मी एक शिक्का आहे. मूठ लाकडाची, तळ रबराचा, आणि त्या तळावर उलट्या अक्षरांत कोरलेला एकच शब्द: ‘अवलंबित’. त्याखाली, कोणावर ते लिहिण्यासाठी, एक रेघ. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने शब्दाचा अर्थ विचारला नाही. अक्षरे सुबक उतरली, एवढ्यावर तो समाधानी होता.

नागरी नोंदणी कार्यालयातील तिसऱ्या खिडकीवर माझी एकवीस वर्षे गेली. अर्ज पुरुषाचा असेल, तर मी शाईपेटीशेजारी स्वस्थ पडून राही. विवाहित स्त्रीचा असेल, तर उचलला जाई. मग ती शेतात राबणारी असो वा शाळेत शिकवणारी. मला त्यात वावगे वाटत नसे. शिक्क्याने वाचायचे नसते, उमटायचे असते. रेघ मात्र कोणीच भरत नसे; नवऱ्याचे नाव सर्वांनी गृहीत धरलेले असे.

एके दिवशी एक शिवणकाम करणारी बाई आली. राहती खोली स्वतःच्या नावावर व्हावी, असा तिचा अर्ज होता. न झाल्यास महिनाअखेर ती सोडावी लागणार होती. कारकुनाने अर्ज न वाचताच मला त्यावर दाबले.

“अवलंबितांच्या नावावर घर होत नाही, बाई. नवऱ्याला पाठवा.”

“तो सहा वर्षांपूर्वी निघून गेला. तुमच्या दप्तरात पत्ता असला तर द्या, मलाही त्याच्याशी जरा बोलायचंय.”

रांगेत खसखस पिकली.

“मग मी कोणावर अवलंबित, तेवढं त्या रेघेवर लिहा,” ती म्हणाली. “घरात सासू आणि दोन मुली. तिघी माझ्या मशिनवर जेवतात.”

कारकुनाची लेखणी कागदावर अडून राहिली. टेबलावर त्याचा जेवणाचा डबा होता. तिने तिकडे पाहिले.

“डबा कोणी केला, भाऊ?”

“बायकोने.”

“शर्टाला इस्त्री?”

“तिनेच.”

“आणि तुमच्या अर्जावर हा शिक्का कधी बसला?”

त्याने शिक्का बसलेला अर्ज बाजूला सारला. कोरा अर्ज काढला, ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात तिचे नाव लिहिले आणि मला न उचलता स्वाक्षरी केली. वरून तो अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा, महिना संपायला चार दिवस उरले असताना, मंजूर झाला.

पुढे नियमच बदलला. आता मी खणात टाचण्यांच्या डबीमागे आहे. रबराला चिरा गेल्या आहेत. माझी एकच विनंती आहे. मला पुन्हा शाई लावायची वेळ आलीच, तर स्त्री-पुरुष न पाहता प्रत्येक अर्जावर उमटवावे. एकवीस वर्षांत त्या खिडकीपुढे कोणावरही अवलंबून नसलेला माणूस मला दिसलेला नाही.