रेवताबाईच्या वाटचे हात

"वर ये! आधी वर ये म्हनते ना मी!"

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या असलेल्या रेवताबाईचा आवाज धानाच्या तीन बांध्या ओलांडून गेला. रंभाबाईच्या बांधीत रोवणी करणाऱ्या पाच बायकांनी कंबर सरळ करून वर पाहिलं. सहावी मात्र मान खाली घालून धानाची रोपं चिखलात खोचतच राहिली. सहावी म्हणजे काओरी. जपानची पोरगी, रेवताबाईच्या घरची पाहुणी, आणि आता गुडघाभर चिखलात!

"लोकं थुकतील माह्या तोंडावर. पाहुनीले चिखलात उतरवलं म्हनतील!"

"लोकं कोठं हायेत इथं? आमीच तर हाओत," शकुनबाई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

काओरी देश पाहायला निघाली होती. वाटेत एक महिना एखाद्या गावाच्या कामी यावं, या हौसेने नागपूरच्या एका संस्थेमार्फत ती नाकाडोंगरीजवळच्या या गावात आली. कॉलेजात हिंदी शिकलेली, त्यामुळे गावाने फक्त रेडिओवरच्या बातम्यांत ऐकलेली हिंदी ती बोलायची. पण पाहुणीला काम सांगायचं कसं? गावाला ते काही केल्या जमेना. शाळेत गेली तर गुरुजींनी खुर्ची दिली. झाडू हातात घेतला तर शकुनबाईने तो हिसकावून चहाचा कप ठेवला. कालच तिने रेवताबाईला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "मैं अठारह दिन से केवल चाय पी रही हूँ."

"मंग दूध देऊ का?" रेवताबाईने अगदी मनापासून विचारलं होतं.

रेवताबाईला स्वतःचं दुःख कमी नव्हतं. बारा दिवसांपूर्वी धुऱ्यावरून पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. तिची अर्ध्या एकराची बांधी चिखलणी होऊन पडली होती आणि पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली रोपं, कोपऱ्यात निब्बर होत चालले होते. आठ दिवसांत रोवले नाहीत तर त्यांचा जोर जाणार.

रेवताबाई आणि या पाच जणी मजूर लावत नसत. आज तुझ्या बांधीत माझे हात, उद्या माझ्या बांधीत तुझे, असं चालायचं. हात मोडण्याआधी रेवताबाईचा एकच दिवस झाला होता, शकुनबाईकडे. मग पावसाने ओढ दिली; चौघींचे राहिले होते. चौघी म्हणाल्या, "तशाच येतो वं, त्यात काय!" पण ही बाई कसली ऐकते! "हात न देता हात घेऊ? नवरा गेल्यावर अकरा वर्सं कोनाचं काही फुकट घेतलं नाही मी," म्हणाली. पुतण्या भूपेश येऊन गेला. "काकू, यंदा बांधी बटईनं देऊन टाका मले. अर्धं पीक तुमाले." पोरगा वाईट नव्हता, पण एकदा बटईने दिलेली बांधी परत हातात येते का, हे तिला चांगलं ठाऊक होतं. रात्री डोळा लागत नव्हता तिचा. हे सगळं काओरीने ऐकलं आणि आज न विचारता इथे येऊन उतरली.

"दीदी, मैं अतिथि नहीं हूँ," काओरी चिखलातूनच म्हणाली. "मैं आपके स्थान पर आई हूँ."

रंभाबाई सगळ्यांत वडील. तिने हातातली पेंडी खाली ठेवली, काओरीची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. ओळ सुतासारखी सरळ होती.

"हिचे हात कोनाचे धराचे, रेवते? मी म्हनते, तुह्ये धरू."

  असंही होऊ शकतं, हे रेवताबाईच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"माह्ये धराचे असन तर काम माह्यासारखं पायजे," ती शेवटी म्हणाली आणि धुऱ्यावर फतकल मारून बसली. मग काय विचारता! दिवसभर तोंडाला विसावा नाही. "लागून लागून नोको रोवू! मांगं सरक! चार काड्याच घे, मूठभर कायले घेऊन राहिली?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटी रंभाबाईच्या बांधीवर गेली. पाहते तर काय, काओरीची निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. ओळी सरळ होत्या, पण पोरीने मुळं नुसती टेकवली होती, दाबली नव्हती.

अजून कोणी आलं नव्हतं. वारं होतं, रात्री पाणी पडलं होतं. वाऱ्याने उपटली म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. आठातला एक दिवस तर गेलाच होता.  पण रंभाबाई लांबून येताना दिसताच रेवताबाईनेच तिला हाक मारली.

"रंभे, कालचा दिवस धरू नोको. माह्ये हात असे नाही रोवत."

काओरीला कळलं तेव्हा ती हमसून हमसून रडली. रेवताबाईने तिला रडू दिलं. मग लुगडं खोचलं, प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि स्वतः चिखलात उतरली. डाव्या हाताने काओरीचा अंगठा पकडून रोपासकट खाली दाबला.

"असा. चिखल गार लागते ना वरून? खाली गरम लागेपर्यंत जाऊ दे. मंग सोड."

काओरीने अंगठा दाबला. डोळे मोठे झाले तिचे. "गरम है!"

"मंग! उगाच नाही सांगून राहिली मी."

तरंगलेलं सगळं दोघींनी उन्हं चढायच्या आत पुन्हा रोवलं. त्यानंतर एकही रोप तरंगलं नाही. चार दिवसांचे पाच लागले, पण चौघींच्या बांध्या झाल्या. आणि सहाव्या दिवशी, न बोलावता, पाच जणी रेवताबाईच्या धुऱ्यावर हजर! भूपेशही आला. बटईचा शब्द त्याने काढला नाही. पऱ्ह्यांच्या पेंड्या उचलून बांधीत फेकत राहिला. दुपार कलली तेव्हा अर्धा एकर हिरवा झाला होता. रोवणी संपल्यावर मालकाने रोवणाऱ्यांना जेवू घालायचं, त्याला बोजारा म्हणतात. रेवताबाईने डाव्या हाताने सगळ्यांना वाढलं, सांडत सांडत, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की शकुनबाईला राहवेना. "पोट्टी झाली वं हे बुढी," ती म्हणाली.

काओरीची बस नाकाडोंगरीहून होती. पोचवायला रंभाबाईही आली. बस दिसली तशी रेवताबाईने विचारलं, "तुह्या गावात रोवनी कधी असते?"

"मई में. नाना जी के खेत में."

"मे मयन्यात? बरं. तोवर पलस्तर सुटते माह्या हाताचं."

काओरी हसली. मग रेवताबाईच्या तोंडाकडे पाहून तिचं हसू थांबलं. तिने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नाना जी प्रतीक्षा करेंगे."

बस गेली. दोघी परतीच्या वाटेला लागल्या.

"रंभे, मे मयन्यात जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडाले मले धरू नोको."

"काहून?"

"मले तिच्याकडं चार दिवस द्याचे हायेत."

रंभाबाईने तिच्याकडे पाहिलं. जपान कुठे, किती लांब, तिथे जायला काय लागतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. रंभाबाई हसली नाही.

"जा तू," ती म्हणाली. "तुह्या वाटचं पान मी तोडते."