सहावे मिनिट

समोरचा माणूस गप्प राहिला की हा छायाचित्रकार स्वतःच स्वतःची किंमत उतरवू लागे. गिऱ्हाइकाला घासाघीस करावीच लागत नसे. ते काम हाच परस्पर उरकून टाकी. म्हणून आज ताई मुद्दाम सोबत आली होती. "दर सांग आणि तोंडाला कुलूप लाव," असे तिने जिन्यातच बजावले होते. हे काम हातचे गेले, तर स्टुडिओची खोली महिनाअखेर सोडावी लागणार होती; पडेल भावात घेतले, तरी निराळे काही घडणार नव्हते.

कंपनीच्या व्यवस्थापक बाईंना बेचाळीस कर्मचाऱ्यांची छायाचित्रे हवी होती. त्याने कागद पुढे सरकवला. माणशी सहा मिनिटे, आणि त्या हिशेबाने दर. बाई वाचू लागल्या. वाचतच राहिल्या. त्याने एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा स्वतःच्या नखांकडे.

"चार मिनिटांतही होईल," तो म्हणाला. "म्हणजे... दरही त्या मानाने कमी."

टेबलाखाली ताईने त्याचा पाय दाबला, पण उशीर झाला होता.

"अहो, मी अजून काही बोललेच नाही," बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "जेवणाची सुट्टी कुठे बसवायची ते बघत होते. पण चारात होतंय, तर सहा कशाला लिहिलीत?"

"मनावर घेऊ नका," ताई म्हणाली. "लपंडावातसुद्धा हा कोणी शोधायच्या आधीच बाहेर यायचा."

त्याचे कान तापले. खोलीतला उजेड पाहायला म्हणून त्याने कॅमेरा आणला होता. तो त्याने उचलला. "बसता का खिडकीपाशी? सांगण्यापेक्षा दाखवतो."

बाई बसल्या. हनुवटी वर, ओठ मिटलेले. जणू कोणाची तरी रजा नामंजूर करायची आहे. चार मिनिटे त्या तशाच होत्या; तसेच एक छायाचित्र त्याने घेतले. पाचवे सरता सरता, बोलायचे सगळे संपल्यावर, त्याने चाचरत विचारले, "याआधी फोटो कधी काढला होतात?"

"धाकटीच्या लग्नात. त्यातही मी अर्धीच! उरलेल्या जागेत विहीणबाई मावल्या, हेच नशीब." आणि त्या खळखळून हसल्या. त्याने बटण दाबले.

दोन्ही छायाचित्रे त्यांनी कॅमेऱ्यावर निरखून पाहिली. "ऑफिसला हे आधीचंच बरं. हसरं लावलं तर उद्या सगळे रजा मागतील." मग दुसऱ्यावर त्यांची नजर रेंगाळली. "पण हे मला द्या. घरी ठेवीन."

"ते सहाव्या मिनिटाचं आहे," तो म्हणाला. पुढे आणखी एक वाक्य त्याच्या घशापर्यंत आले होते. ते त्याने गिळले.

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढला. "सहाच ठेवा मग. बाकीच्यांच्याही घरी कोणीतरी असेलच की."

खाली रस्त्यावर येताच ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलास की रे, गधड्या!"

तो मात्र अजून हिशेबातच होता. बेचाळीस अनोळखी माणसे, आणि प्रत्येकाशी सहा मिनिटे. "ताई, एवढ्या जणांशी बोलायचं काय गं?"

ती रिक्षा शोधण्यात गुंतली होती. समोरून एक वृद्ध गृहस्थ येत होते. सराव म्हणून त्याने त्यांना काहीतरी विचारायचे ठरवले, शब्द जुळवले, ओठही हलले. पण तोवर ते पुढे निघून गेले होते.